चाकातला कागद

मी गणित शिकवते आणि मी रागीट आहे. या दोन्ही गोष्टी आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणूनच तान्ह्या पोळ्याला परीक्षक म्हणून मला बसवतात. नंदी कोणाचा सरस यावरून पूर्वी दर वर्षी दोन-चार घरांत अबोला व्हायचा. मी बसायला लागल्यापासून तो थांबला, कारण माझ्याशी भांडायला कोणी येत नाही.

ज्यांनी तान्हा पोळा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोळा बैलांचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. चाकं लावलेले लाकडी नंदी झुली-बाशिंगांनी सजवून पोरं हनुमानाच्या देवळासमोर तोरणाखाली रांगेत उभी राहतात. पूजा होते, बक्षिसं होतात, मग नंदी ओढत घरोघर जायचं आणि बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे खाऊ, पैसे, जे काय घरधन्याच्या हाताला येईल ते. दारात आलेल्या नंदीला रिकामं पाठवायचं नाही, हा नियम. कवडीचुंबक म्हणून ख्याती असलेली माणसंही त्या दिवशी खिशात हात घालतात.

आंबागडच्या डोंगराखाली आमचं गाव आहे. मी शिकवते ते कॉलेज तुमसरच्या रस्त्यावर, स्कुटीवर वीस मिनिटं. पंचवीस वर्षांत माझे किती विद्यार्थी नोकरीला लागले ते मला तोंडपाठ आहे आणि न विचारताही मी ते सांगते. खुशबू गभणे त्या यादीत येईल असं मला कधीच वाटलं नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसून ती खिडकीतून बाहेर उभी असलेली गुरं बघायची. बारावीला गणितात तिची दांडी उडाली. निकालानंतर तिचे वडील भूपेंद्र गभणे माझ्याकडे आले. पाच एकर धानाची शेती करणारा सरळ माणूस. घरात आला की चप्पल बाहेर काढून उभाच राहतो, बस म्हटलं तरी बसत नाही.

"मॅडम, पोरगी दिवसभर गुरांच्या कोठ्याच्या बाजूच्या खोलीत राहते. इश्वर सुताराच्या संगतीनं लाकडं तासते. काय करू?"

"कुलूप लावा खोलीला," मी म्हटलं. मला विचार करायलाही वेळ लागला नाही.

त्यांनी लावलं. किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली, आणि खुशबू पुन्हा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या घरी आली. मी पुरणाची डाळ निवडत होते. ती दारातच उभी राहिली, बापासारखीच.

"मॅडम, बाबाले एक शब्द सांगा ना. ते तुमचंच आयकते. तुमसरच्या दुकानवाल्या कैलाशभाऊनं दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी चाळीस नग मागतले. तान्हा पोळा झाला का दुसऱ्या दिवशी सकाळी हो का नाही ते सांग म्हणते. नाही म्हंटलं तं तो फायबरचा माल आणते नागपूरहून."

"कुठल्या वस्तूंचे नग" हे मी विचारलंच नाही. पोळपाट-लाटणी असतील असं मनात धरलं आणि म्हटलं, "फेब्रुवारीत परीक्षा आहे. तोवर पटाशीला हात लावायचा नाही. आधी बारावी सुटू दे, मग काय ठोकायचं ते ठोक."

"मंग कैलाशभाऊले नाही सांगू?"

"सांग."

ती गेली. मी पुन्हा डाळीतले खडे शोधायला लागले. माझं काही चुकलं असं त्या वेळी अजिबात वाटलं नाही, हेही खरंच सांगते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली एकेचाळीस नंदी होते. ऊन छान पडलं होतं. बायका नटूनथटून आल्या होत्या. पोरांनी धोतरं, फेटे बांधले होते आणि दर दोन मिनिटांनी कुणाचं तरी धोतर सुटत होतं. मी वही घेऊन रांगेतून फिरले. खुशबूची सात वर्षांची बहीण चंदा जुनाच नंदी घेऊन उभी होती. त्याचा एक कान तुटलेला होता. तिनं त्या जागी झेंडूचं फूल खोचलं होतं आणि मान ताठ ठेवली होती. मी तिला दहापैकी चार गुण दिले.

आणि मग कृष्णराव साठवण्यांची नात रिता नंदी ओढत समोर आली. कृष्णरावांची धानाची गिरणी आहे, त्यांच्या घरचं सगळंच मोठं असतं. पण हा नंदी आकारानं मोठा नव्हता. गुडघ्याएवढा, पांढरा, वशिंड किंचित एका बाजूला कललेलं, खऱ्या बैलाचं असतं तसं. रितानं दोरी ओढली की चाकं फिरायची आणि चाकांबरोबर त्याची मान हळूहळू खाली-वर व्हायची. चरायला निघालेला बैल जशी डोलवतो, तशीच. मी दोनदा ओढायला लावलं. तिसऱ्यांदा मी स्वतः ओढून पाहिलं.

"नागपूरचा माल हाय मॅडम," कृष्णराव म्हणाले. "तुमसरच्या कैलाशच्या दुकानातून आणला."

पहिला नंबर तिथंच ठरला. माईक हातात आला की मला भाषण दिल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "बघा, हे कारागिराचं काम. मान बघा, वशिंड बघा. याला म्हणतात लक्ष देऊन केलेलं काम. आपल्या मुलांनी नागपूरच्या या कारागिराकडून लक्ष म्हणजे काय ते शिकावं."

बायकांच्या घोळक्यात खुशबू उभी होती. तिनं ओढणी तोंडात कोंबली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"खुशबू, हसायला काय झालं?"

"काही नाही, मॅडम."

मला राग आला. चारचौघांत आला म्हणून गिळला.

रिता बक्षिसाची पिशवी एका हातात आणि दोरी दुसऱ्या हातात घेऊन पळत सुटली. देवळाच्या पायरीजवळ दगड होता. नंदी त्यावर आपटला आणि पुढचं एक चाक डुगडुगायला लागलं. रितानं भोकाड पसरलं. कृष्णराव, "नागपूरचा माल असून असा कसा ढिला पडला?" म्हणून कैलाशच्या नावानं बोलायला लागले. गणिताच्या माणसाला चाकाचं कळतं अशी माझी समजूत आहे, म्हणून मी पायरीवर बसले आणि नंदी मांडीवर उलटा घेतला.

चाकाच्या भोकात, आसाभोवती, कागदाची घडी मारलेली होती. चाक ढिलं राहू नये म्हणून सुतार मारतात तशी. ती अर्धी बाहेर आली होती. नीट बसवण्यासाठी मी ती ओढून काढली, तर चाकच निखळलं. ते पिशवीत टाकून मी घडी उलगडली.

लाल शाई दिसली. अक्षर माझंच होतं. "लक्ष कुठे आहे?"

खाली माझी सही, चौदा डिसेंबर. वर रोल नंबर सत्तावीस. मधे, माझ्या लाल फुलीखाली, निळ्या शाईतली अर्धी ओळ: "...दोरा तेवढाच राहतो." ही ओळ मला आठवली. इंग्रजीतला पेपर, इलिप्सची म्हणजे लंबवर्तुळाची व्याख्या विचारलेली, आणि या मुलीनं मराठीत दोऱ्याचं काहीतरी लिहून ठेवलं होतं. गणितात दोरा कुठून आला, असं म्हणत मी ती फुली कागद फाटेपर्यंत दाबून मारली होती.

आधी राग आला, माझ्या तपासलेल्या पेपराची ही दशा म्हणून. मग नंदीकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि दहा मिनिटांपूर्वी माईकवरून आपण काय बोललो ते आठवलं. लाज वाटली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकी कधी वाटली नव्हती. आणि लाजेच्या मागोमाग, काही केल्या आवरेना असं हसू आलं. मी देवळाच्या पायरीवर उलटा नंदी मांडीवर घेऊन हसत बसले. मॅडम हसतात हे बघायला गाव गोळा झालं.

"खुशबू, इकडे ये. हा नंदी कोणी बनवला?"

ती आली. बापाकडे एकदा बघून घेतलं. "मीच बनवला, मॅडम. उन्हाळ्यात. कुलूप लागाच्या आधी."

"असं कसं?" कृष्णराव म्हणाले. "कैलाशनं तं मले नागपूरचा म्हणून देला."

"गावचा म्हंटलं तं कोणी घेत नाही म्हणते ते."

मागून इश्वर सुतार म्हणाला, "पिकते तिथं विकत नाही." त्या माणसाचं बोलणं रंध्याच्या सालपटाएवढंच असतं.

"आणि माझे पेपर?" मी विचारलं.

"चाक ढिलं असलं का कागदाची घडी मारा लागते. पेपरचा कागद जाड राहते ना मॅडम. घरी तेच होते." मग तिनं खरं सांगून टाकलं. "लाल शाईचे लय होते."

"किती नंदींत आहेत?"

"पंधरा बनवले. बारांत असतीन."

म्हणजे माझा शेरा तुमसर तालुक्यातल्या बारा घरांत चाकांवर फिरत होता. मी गावात कारागीर नाही म्हणून नागपूरचा दाखला देत होते, आणि कारागीर दोन वर्षं माझ्याच शेवटच्या बाकावर बसून गुरांची मान बघत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

माईक अजून चालू होता. मी उठले आणि सगळं सांगितलं. कागद वाचून दाखवला. बारा नंदींचं सांगितलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं पोरं हसली, कारण त्यांना माझी लाल शाई चांगली ओळखीची आहे. मग मी पिंपळाखाली उभ्या असलेल्या भूपेंद्रभाऊंकडे वळले. मन भरून आलं की माझी पुस्तकी भाषा गळून पडते.

"भाऊ, मी चुकली. कुलूप माझ्या सांगण्यावरून लागलं. आता मीच सांगून राहिली, काढा ते."

भूपेंद्रभाऊ हसत नव्हते. ते पुढं आले.

"मॅडम, तुमी म्हणाल्या लावा, मी लावलं. आता म्हणता काढा. तुमचं बरोबरच असंन. पण उद्या पोरगी पुन्हा नापास झाली तं लोक मलेच म्हणतीन. आपन शेतकरी मानसं, आपन सुतार हाओ का? मी दहावी नापास झालो तवा बापानं म्हंटलं, चाल, नांगर धर. तुले काय येते, काय पायजे, कोणी विचारलं नाही. म्हणून म्हंटलं, पोरगी तरी खुर्चीवर बसावी."

तिला काय येतं, काय पाहिजे, हे मी तरी कुठं विचारलं होतं? मी कागदाची पुन्हा घडी घातली आणि पिशवीत ठेवली. उद्या सकाळी कैलाशला नाही म्हणून कळणार, आणि त्या खोलीचं कुलूप फेब्रुवारीपर्यंत गंजत राहणार, असंच मला त्या क्षणी वाटलं.

खुशबू चंदाजवळ गेली, तिच्या हातातून एका कानाच्या नंदीची दोरी घेतली आणि अठरा वर्षांची घोडी झालेली ती पोरगी, सगळ्या गावासमोर, खडखड आवाज करत नंदी ओढत बापाच्या पायापर्यंत आली.

"बाबा, बोजारा."

बायका खिदळल्या. कोणीतरी म्हणालं, "एवढ्या मोठ्या पोरीले बोजारा?" दुसरं कोणीतरी लगेच म्हणालं, "नंदीले वय इचारते का कोणी?" भूपेंद्रभाऊ गडबडले आणि सवयीनं खिशात हात घातला.

"पैसे नको, बाबा."

"मंग काय पायजे?"

"चाबी."

झेंडूचं फूल खोचलेला नंदी बापलेकीच्या मधे उभा होता. तो नंदीही तिनंच केलेला होता, दोन वर्षांपूर्वी, आणि त्याच्यासाठीची शिवणीच्या झाडाची फांदी बापानंच जंगलाच्या कडेहून आणून दिली होती, हे मला नंतर कळलं. भूपेंद्रभाऊ त्या तुटक्या कानाकडे बराच वेळ बघत होते.

"अभ्यास?" त्यांनी विचारलं.

"करीन."

"गणित?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"गणिताचं माझ्याकडे लागलं," मी म्हटलं.

भूपेंद्रभाऊंनी शर्ट वर केला आणि करदोड्याला हात घातला. किल्ली होती, पण गाठ सुटेना. जूनपासून घामानं आणि धानाच्या रोवणीच्या चिखलानं ती दगडासारखी झाली होती. ते एकदा या बाजूनं ओढत, एकदा त्या बाजूनं. गाव हसायला लागलं, आणि शेवटी तेही हसले. मी सुचवलं की कापून टाका. इश्वरनं कात्री आणायला कुणालातरी पिटाळलं.

"थांबा, बाबा." खुशबू खाली बसली. गाठीकडे क्षणभर बघितलं, अंगठ्याच्या नखानं एक धागा वर उचलला, दुसरा आत ढकलला. किल्ली तिच्या तळहातावर पडली.

त्या गाठीला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मी आणि तिचा बाप, आम्ही दोघंही तिच्या बोटांकडे बघत होतो.

मग काय, अर्धं गाव गभण्यांच्या कोठ्यावर. पुढं चंदा नंदी ओढत, तिच्यामागं रिता तिचा बक्षिसाचा नंदी काखेत मारून, कारण त्याचं चाक अजून माझ्या पिशवीत होतं. कालच्या पोळ्याला रंगवलेले भूपेंद्रभाऊंचे दोन बैल कोठ्यात रवंथ करत उभे होते. खुशबूनं कुलूप काढलं. आत भुसा, धूळ, सायकलच्या जुन्या तारा, भिंतीला टेकवलेली पटाशी, वाकस अशी सुतारी हत्यारं. तारा कशाला, विचारलं तर तिनं रिताच्या नंदीच्या आसाला वाकवून लावलेली तार दाखवली. चाक फिरलं की तार वर-खाली होते आणि मान डोलते. एवढं साधं. आणि मला ते तोवर कळलं नव्हतं.

कोपऱ्यात एक पाट अर्धवट आखून पडला होता, ज्यावर नंदी उभा करतात तो, लांबट गोल. त्यावर दोन खिळे ठोकलेले आणि दोन्ही खिळ्यांना बांधलेला सैल दोरा.

"हे काय?"

तिनं पेन्सिल उचलली, दोऱ्यात अडकवली, दोरा ताणला आणि पेन्सिल खिळ्यांभोवती फिरवली. पाटावर सुरेख लंबवर्तुळ उमटलं. हातात घ्यावं असं.

"इश्वरदादानं शिकवलं. पेन्सिल कुठंही न्या मॅडम, या खिळ्यापासून अन् त्या खिळ्यापासून मिळून दोरा तेवढाच राहते. दोरा थोडी वाढते?"

दोन ठरावीक बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कायम. पंचवीस वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहीत आले आहे. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, पैकीच्या पैकी गुण घेतात आणि विसरतात. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत ते खरोखर कळलेली एकच होती. तिनं ते आपल्या भाषेत लिहिलं आणि मी त्यावर फुली मारली.

माझे डोळे भरले. भुशाचं निमित्त सांगितलं. इश्वर सुतारानं ते मानल्यासारखं केलं.

तिनं तिथूनच कैलाशला फोन लावला. "हो म्हणून समजा भाऊ. पण एक गोष्ट. दुकानात गावचं नाव सांगा लागंन, नागपूरचं नाही." पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत होतं. मग ती हसली आणि फोन ठेवला. मला वाटतं भूपेंद्रभाऊंची छाती तेव्हा वीतभर तरी फुगली असेल. ते बैलांना गवत घालायला गेले. बैलांसमोर गवत आधीच होतं.

आमचंही तिथंच ठरलं. गुरुवारी आणि रविवारी गणित त्याच खोलीत, पाट आखता आखता. फेब्रुवारीत परीक्षा द्यायचीच, सुटका नाही. आणि मी माझ्या बाकीच्या शेवटच्या बाकांकडेही आता नीट बघायला लागणार होते, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

निघताना पाहते तर खुशबू चंदाच्या नंदीची दोरी धरून माझ्या वाटेत उभी.

"मॅडम, तुमचा बोजारा राहिला."

"बोल, काय पाहिजे?"

"जुने पेपर असतीन तं द्या. चाळीस नंदी, म्हणजे एकशे साठ चाकं."

"गुणाकार बरोबर आहे," मी म्हटलं.

संध्याकाळच्या आत मी कपाटावरचा गठ्ठा खाली काढला. मुलांनी परत न नेलेले कितीतरी वर्षांचे पेपर, लाल शाईनं भरलेले. स्कुटीवर पुढं ठेवून मी तो गभण्यांकडे पोचवला. रिताच्या नंदीचं चाकही त्यातल्याच एका कागदाची घडी मारून खुशबूनं बसवून दिलं.

एक कागद मात्र मी दिला नाही. घरी येऊन तो टेबलावर सरळ केला, घड्यांच्या खुणा हातानं दाबल्या. "लक्ष कुठे आहे?" हे खोडलं. फुली खोडली. "दोरा तेवढाच राहतो" याच्या बाजूला बरोबरची खूण केली आणि समासात लिहिलं, दोनपैकी दोन.